अननस (फुकट)

फुकट या गोष्टीला आमच्या घरी फार खर्च येतो. श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवायला आम्ही सुताराकडून मुद्दाम फडताळ करून घेतलंय. फडताळ सागवानी, डबे मात्र फुकट. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायची दोरी वेगळी, आणि मिठाईच्या खोक्यांना बांधून आलेले दोरे गुंडाळून ठेवायचा डबा वेगळा; तोही श्रीखंडाचाच. अशा घरातल्या बाईला कोणी सांगितलं की बाई गं, अननस चिरताना जो हिरवा शेंडा तू आजवर घंटागाडीत टाकत आलीस तो मातीत रोवला की रुजतो आणि त्याला पुन्हा अननस धरतो, तर तिला त्या रात्री झोप कशी लागावी? मी अंथरुणात पडल्या पडल्या लग्न झाल्यापासूनचे अननस आठवत होते.

सांगणारा आमचा मुलगा. तो पुण्यात संगणकावर काहीतरी करतो आणि उरलेल्या वेळात आम्हाला फोनवर शेती शिकवतो. "आई, काहीच करायचं नाही गं. शेंडा पिरगळायचा, लावायचा आणि विसरून जायचं." त्यातलं 'काहीच करायचं नाही' हे मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी मारुती मंदिरापाशी जाऊन अननस आणला. लोक अननस घेताना तो उलटा करून बुडाचा वास घेतात. मी शेंड्याची पानं मोजत होते. मधलं पान ओढून पाहायचं, सहज निघालं तर शेंडा शिळा, असं चिरंजीवांनी सांगितलं होतं. फळवाला बिचारा म्हणत होता, "ताई, आतून मध आहे, मध." म्हटलं, आतलं राहू दे, शेंडा ताजा आहे का ते सांगा. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "शेंड्याचे पैसे लावत नाय हो आमी." मला हेच ऐकायचं होतं.

आमचे हे कोषागारातून निवृत्त झालेत. सरकारचा पैसा मोजून झाला, आता घरचा मोजतात. दूध, गॅस, पेपर यांचा हिशेब ज्या वहीत असतो, तिच्यात त्यांनी नवं पान काढलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं : 'अननस (फुकट)'. खाली पहिली नोंद : अननस एक, रु. ७०.

"अहो, तो आपण खाणार आहोत. तो बाजारखर्चात टाका."

"खर्च हेतूवर ठरतो," हे म्हणाले. "हेतू शेंड्याचा होता."

रत्नागिरीत आंब्याखेरीज दुसरं काही लावायचं तर गुपचूप लावावं. फणस, काजू, कोकम यांचा वहिवाटीचा हक्क आहे म्हणून त्यांना कोणी काही बोलत नाही. पण माझ्या हातात शेंडा बघून शेजारचे अप्पा गडग्यापाशी आले. अप्पांची शिरगावच्या बाजूला हापूसची कलमं आहेत.

"काय लावताय, वहिनी?"

"अननस."

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. रत्नागिरीचा माणूस गप्प बसला की समजावं, वाक्य घडतंय.

"का हो? आंब्याने तुमचं काय घोडं मारलं?"

मी शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले तरी तास घ्यायची खोड गेली नाही. गडग्याच्या अलीकडे उभी राहून मी सुरुवात केली. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ४ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबस ग्वादलूप बेटावर उतरला तेव्हा युरोपातल्या माणसांनी तो पहिल्यांदा पाहिला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. त्यानंतर अर्ध्या-पाऊण शतकात आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारोंनी अननस निघायला लागले होते, हे खुद्द जहांगीर बादशहाने लिहून ठेवलंय. "आणि अप्पा, तुमच्या हापूसचं कलम बांधायची विद्याही पोर्तुगिजांचीच. दोघे एकाच गलबतातून उतरलेत!"

हापूसची ही कुंडली अप्पांना रुचली नाही. "असेल," ते म्हणाले. "पण हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. तुमच्या त्या घायपाताला आहे का काही?"

दुर्दैवाने होतं. केरळातल्या वाळक्कुळमच्या अननसाला ते २००९ मध्येच मिळालंय. हापूसच्या नऊ वर्षं आधी. हे मी सांगितल्यावर अप्पा काही न बोलता आत गेले आणि दिवेलागणीपर्यंत आळीत बातमी झाली की शेजारच्या वहिनींच्या मते हापूसपेक्षा अननस थोर आहे.

आता प्रत्यक्ष 'काहीच करायचं नाही'कडे वळू. शेंडा पिरगळून काढायचा. त्याची खालची पानं एकेक करून सोलायची. देठाचं बोटभर पांढरं खोड उघडं पडतं आणि त्यावर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. त्या मुळांच्या कळ्या. एखाद्या शेंड्यात तर मुळं आधीच फुटलेली असतात आणि पानाखाली दबून देठाभोवती वेटोळं घालून बसलेली असतात. इतकी वर्षं ही घरी यायला निघालेली माणसं मी घंटागाडीत चढवून देत होते! सोललेला शेंडा लगेच लावायचा नाही. तीन-चार दिवस सावलीत सुकवायचा, नाही तर ओला देठ मातीत कुजतो.

सुकायला ठेवलेला शेंडा सासूबाईंच्या नजरेला पडला. सासूबाई नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना कमी ऐकू येतं, पण दिसतं सगळं.

"हे काय गो?"

"अननसाचा शेंडा. सुकवतेय. मग लावणार."

"आधी तोडलान. मग सोललान. आता सुकवतेस. जाळायचाच तेवढा ठेवलायस. मग लाव."

एक शेंडा मुलाच्या दुसऱ्या पद्धतीने काचेच्या पेल्यात, पाण्यात ठेवला. पेल्याला उजेड हवा म्हणून देवघराच्या खिडकीत जागा दिली. पाणी रोज बदलायचं होतं; ते ज्या दिवशी राहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई पूजा अर्धी टाकून बाहेर आल्या. "देव नाक धरून बसलेत," एवढंच म्हणाल्या. पेला हलवला. 

मग कुंड्या आल्या. चांगल्या चकचकीत, खाली बशी असलेल्या. कोकोपीट आलं, गांडूळखत आलं, निंबोळी पेंड आली. खरं म्हणजे आपली जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती अननसाला हवी तशीच असते; पण परसातली माती फुकट असल्याने तिच्यावर कोणाचा विश्वास बसेना. हे दुकानाच्या पावत्या वहीत डकवत होते. मी शेंडे लावले, आणि जून उजाडला.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतो. अननसाला पाणी चालतं, पण पाय ओले राहिलेले चालत नाहीत. बशीच्या कुंड्यांत त्याचे पाय जून ते ऑगस्ट पाण्यात होते. एके सकाळी मी मधलं पान हलकेच ओढलं. ते अलगद हातात आलं. बुडाशी पांढरट, बुळबुळीत, ताडीचा वास येणारं. दुसऱ्या कुंडीत तेच. तिसरीत ओढायचीही गरज पडली नाही, ते आपण होऊन आडवं झालं होतं.

शेंडे मेले म्हणजे नवे शेंडे हवेत. नवे शेंडे हवेत म्हणजे अननस हवेत. आणि शेंडा काढल्यावर खाली जे उरतं त्याचं काहीतरी करायला हवं. त्या पावसाळ्यात आमच्याकडे अननसाचा शिरा झाला, रायतं झालं, सासव झालं, मुरंबा झाला, सासव पुन्हा झालं. जिभा चरचरायला लागल्या. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं आणि ते प्रथिनं पचवतं. म्हणजे आपण अननस खातो तेव्हा तोही आपल्याला थोडा थोडा खात असतो. कोण कोणाला जास्त खातंय याचा हिशेब ह्यांच्या वहीतही बसेना.

आमच्या घरापासून थिबा राजाचा वाडा फार लांब नाही. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. वाडा बांधून व्हायला १९१० साल उजाडलं आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याचा मुकुट गेला आणि राजा उरला. आमच्याकडे राजा खाऊन झाला होता आणि मुकुट उरला होता. समुद्राच्या दिशेने बघत बसण्यापलीकडे दोघांनाही उद्योग नव्हता.

शेवटी रुजला तो फुटक्या बादलीतला. ही बादली मी टाकू दिली नव्हती. बूड तडकलेलं, कडी गेलेली, तरी 'असू दे, कशाला तरी होईल' म्हणून मागल्या दारी ठेवली होती. गवत काढायला येणाऱ्या गड्याने तिच्यात परसातली दोन फावडी माती भरली, एक राहिलेला शेंडा खोचला आणि बादली पडवीच्या कडेला ढकलली. पाणी तड्यातून वाहून जात होतं. दिवाळीत मी पान ओढून पाहिलं तर बादली उचलली गेली, पान निघेना. त्या दिवशी मी फडताळ उघडून सगळ्या डब्यांवरून एकदा हात फिरवला.

यानंतर अननसाने काही केलं नाही. म्हणजे तो जिवंत होता, पानं काढत होता, पण त्याहून जास्त कशाची त्याला निकड नव्हती. मुलाने सांगितलं की ही वनस्पती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडून हवा आत घेते. पाणी वाचवायची तिची रीत आहे. सासूबाई म्हणाल्या, "दिवसा निजणारं एक माणूस घरात आहे, आणखी कशाला?" हे त्या वेळी आरामखुर्चीत होते आणि जागे असल्याचं त्यांनी कळवलं नाही. मला विचाराल तर अननस गावाला लवकर सरावला होता. दुपारी बाजारात गेलात तर निम्मी दुकानं बंद असतात.

मात्र लोक जागे होते. आंब्याचं ज्याला कळतं त्याला सगळ्याचं कळतं, ही रत्नागिरीतली पूर्वापार समजूत. येणारा-जाणारा बादलीपाशी थांबायचा. एकाने पाणी वाढवायला सांगितलं, दुसऱ्याने तोडायला. एक मावशी म्हणाल्या, अननस दारात नको, घरात भांडणं होतात. आमच्या ह्यांनी विचारलं, "लावण्याआधी होत होती ती कशाने?" भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची 'लाखी बाग' पाहून आलेले एक गृहस्थ तासभर बसले. नारळाच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी अशी मसाल्याची पिकं घ्यायची आणि एकरी उत्पन्न लाखात न्यायचं, ही ती योजना. नारळाच्या सावलीत अननसही चांगला होतो, तेव्हा तुम्ही आधी नारळ लावा, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे बादलीतल्या एका अननसाला सावली म्हणून नारळाची बाग. ह्यांनी वही मिटली.

पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधत एक आरोग्यसेविका आली. टायर, पिंप, कुंडीच्या बशा बघून झाल्यावर तिने टॉर्च अननसाच्या पानांच्या बेचक्यांत मारला.

"काकू, ह्यात पाणी साचतंय."

"त्याची घडणच तशी आहे हो."

"मग ओतून टाका."

"ओतलं तर झाड बाहेर येईल."

तिने विचार केला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "मग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा." तेव्हापासून दर शनिवारी मी सुईला कापूस गुंडाळून चाळीस-एक पानांची बेचकी टिपत असे. बाजारात मिळतात त्यांतल्या बऱ्याच अननसांची पानं कडेने करवती असतात. माझे हात कोपरापर्यंत ओरखडले. बँकेतल्या मुलीने विचारलं, "काकू, मांजर पाळलंय का?" म्हटलं, नाही, अननस. ती पुढे काही बोलली नाही, पण पासबुक लगेच भरून मिळालं.

पानांचा आकडा उगाच सांगितला नाही. पस्तीस-चाळीस पानं झाली की झाड फुलण्याजोगतं होतं. आमचं झालं आणि बसून राहिलं. अप्पांनी गडग्यावरून विचारलं, "कल्टार घातलंत?" हापूसला मोहोर यावा म्हणून मुळाशी घालायचं ते औषध, रत्नागिरीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हटलं, हा वेगळ्या औषधाला भुलतो. दोडामार्गाकडे केरळातून आलेल्या मंडळींनी डोंगरच्या डोंगर अननसाखाली आणलेत. अशा मळ्यांत रोपाच्या पोटात इथेफॉनचं पातळ द्रावण ओततात, एका रोपाला साधारण ५० मिली. त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि सगळा मळा एकदम फुलतो. आमच्या एका झाडासाठी बाटली आणली असती तर उरलेल्या औषधावर आणखी काही गावं फुलली असती.

मुलगा म्हणाला, इथिलीन धुरातही असतं. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर काचघरात धूर कोंडला आणि आतले अननस एकजात फुलले, तिथून ही युक्ती निघाली. सासूबाईंना एवढंच ऐकू आलं की धूर करायचाय. जन्मात पहिल्यांदा त्यांना नातवाचं बोलणं पटलं. तिन्हीसांजेला धुपाटणं घेऊन त्या बादलीला प्रदक्षिणा घालू लागल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "कोणाला बाधा झालीय का?"

धुराने ह्यांचा खोकला तेवढा वाढला. मग उरला शेवटचा उपाय : झाडावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि आत पिकलेलं सफरचंद ठेवायचं. पिकतं फळ इथिलीन सोडतं. "सफरचंद?" हे म्हणाले. "दोनशे चाळीस रुपये किलो. फुकट अननसासाठी?" मे महिना होता. माळ्यावर आढी लागली होती. घरभर हापूस. मी त्यातला एक बाजूने डागी, पण पूर्ण पिकलेला काढला, बादलीत झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि वरून पिशवी बांधली.

अप्पांचं लक्ष होतंच.

"वहिनी, त्या पिशवीत पिवळं काय दिसतंय?"

"आंबा."

"रायवळ?"

"हापूस."

अप्पा गडग्यावर बसले. "पिकलेला?"

"पिकलेलाच लागतो."

"अननसासाठी."

मी मान हलवली. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. संध्याकाळी त्यांच्या घरच्या वहिनी वाटीभर आमटीचं निमित्त करून आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरात सगळं ठीक आहे ना? मुलगा सुनेला घेऊन कधी येतोय?" त्या महिन्यात जो भेटे तो माझ्याशी सावकाश, सोप्या शब्दांत बोलायचा.

जुलैत पागोळ्यांच्या मागून डोकावून पाहिलं तर झाडाच्या पोटात लाल. पानांच्या मधोमध गुलाबी-लाल बोंड वर येत होतं. पुढे त्याच्या प्रत्येक डोळ्यातून निळं-जांभळं नखाएवढं फूल निघालं; बुडाकडून सुरू होऊन रोज थोडी थोडी वर सरकत, प्रत्येक फूल एका दिवसाचं सोबती. अशी शंभराच्या वर फुलं एकमेकांना चिकटतात तेव्हा एक अननस होतो. ह्या दिवसांत टीव्हीवर विम्बल्डन चालू होतं. पुरुष एकेरीच्या करंडकावर अगदी टोकाला सोनेरी अननस आहे, हे मी ह्यांना दाखवलं. "म्हणजे एवढा खर्च करून आपण झाकणाच्या मुठीपर्यंत पोचलो," हे म्हणाले. पण त्या रात्री छत्री घेऊन बादली आत सरकवायला तेच गेले.

आता श्रेयाचा प्रश्न आला. सासूबाईंच्या मते धूप लागू पडला. मुलाच्या मते त्याचा फोन. गड्याने बाहेर सांगितलं की वयनींकडचा अननस त्याच्या हातचा. आणि अप्पा, ज्यांनी त्या आंब्यावरून माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते एका पाहुण्याला गडग्यापाशी घेऊन आले. "बघा," ते म्हणाले, "हापूसचा गुण. नुसत्या वासाने त्या घायपाताला फळ धरलं."

फळ वाढत गेलं तशी माणसंही वाढली. मुलाने सांगितलं की डोळ्यांच्या तिरक्या रांगा एका अंगाने आठ आणि दुसऱ्या अंगाने तेरा भरतात. ह्यांनी मोजल्या, बारा भरल्या. रात्रभर तळमळले, पहाटे खडूने खुणा करून पुन्हा मोजल्या, तेरा भरल्या तेव्हा चहा घेतला. शाळेतली मुलं 'फळांची ओळख' म्हणून रांगेने बघून गेली. एका बाळाला बारशाच्या आधी बादलीशेजारी झोपवून फोटो काढला. मला नवल वाटलं नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अननस इतका दुर्मीळ होता की बडे लोक मेजवानीपुरता तो भाड्याने आणत. पाहुण्यांनी बघायचा, खायचा नाही, दुसऱ्या दिवशी दुकानदाराला परत. लाज राखायला एक फळ गावभर फिरायचं. हा तास मी अप्पांच्या घरच्या वहिनींपुढे घेतला होता, आणि त्यांनी तो फार मन लावून ऐकला होता.

तुळशीचं लग्न झालं आणि वानर आले. कोकणातल्या बागायतदाराला वानरांबद्दल विचारू नये, तो रडेल. आम्ही बादलीभोवती जाळी बांधली, जुन्या सीडी टांगल्या, ह्यांचा सदरा आणि टोपी घालून बुजगावणं उभं केलं. त्याला दोघांनी जाता जाता नमस्कार केला. सासूबाई पडवीत खुर्ची टाकून रॉकेलचा रिकामा डबा वाजवत बसायच्या. आमचं दुपारचं झोपणं बंद झालं; वानरांना डब्याची सवय झाली. 

एका सकाळी कळप अप्पांच्या कौलांवर उतरला. म्होरक्या वळचणीला बसून आमच्या बादलीकडे बघत होता. त्याला घाई नव्हती. घरात तातडीची बैठक झाली. मुलगा फोनवर ओरडत होता, "आई, तोडू नको! आंब्यासारखं त्याच्यात पिष्ट साठवलेलं नसतं. तोडल्यावर रंग येईल, गोडी येणार नाही! झाडावरच पिवळा होऊ दे!" फळ अजून निम्मं हिरवं होतं. ह्यांनी वही आणून एकूण बेरीज मला दाखवली, तोंडाने उच्चारली नाही, आणि विळी आणायला गेले.

तोडलेला अननस सोललेल्या नारळाएवढा भरला. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, माळ्यावर उरलेल्या पेंढ्यात घातला आणि वर गोणपाट टाकलं. "आढीत काय पिकत नाही गो?" खरोखरच चार दिवसांत त्याला सुरेख पिवळा रंग चढला. घरभर वास सुटला. पण कापायचा कोणी? तो कापला की संपला, हे सगळ्यांना कळत होतं. शिवाय वाटे. गड्याचा वाटा, अप्पांचा हापूसपोटी वाटा, बाळाच्या आईला फोड कबूल केलेली. मुलगा येईपर्यंत थांबायचं का नाही? उद्या बघू, असं रोज ठरत होतं.

अशात अप्पांच्या मुलाचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. वहिनी सकाळीच आल्या. "तुमचा अननस देता? चौरंगावर मांडते. शोभा येईल. संध्याकाळी परत देते." ह्यांनी वहीत 'उसना दिला' असं लिहून तारीख घातली.

पूजा देखणी झाली. केळीच्या खांबांमध्ये, सफरचंदं आणि केळ्यांच्या पुढे आमचा अननस. मुंबईचे चाकरमानी पाहुणे बघून विचारत आणि अप्पा सांगत, "इथलाच. हापूसवर वाढलेला." आरती झाली, तीर्थप्रसाद झाला. गुरुजींनी पूजा उतरवायला घेतली. तांदूळ एका पिशवीत गेले, नारळ दुसरीत, सुपाऱ्या खिशात. मग केळी. मग सफरचंदं. मी ह्यांना कोपराने ढोसलं.

"अहो, बोला ना."

"पूजेतलं परत मागतात का?"

"मग वहिनींना सांगा."

वहिनी वरातीच्या पाहुण्यांना शिरा वाढत होत्या आणि आमच्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होत्या. गुरुजींनी अननस दोन्ही हातांनी उचलला, वजन अजमावलं, तो पिशवीत शेंडा वर करून बसवला आणि पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली. अप्पा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले.

पुढच्या आठवड्यात रामआळीत गुरुजी भेटले. स्कूटर थांबवून म्हणाले, "काकू, अप्पांकडच्या पूजेतला तो अननस तुमच्या घरचा होता म्हणे?"

"हो," मी म्हटलं.

"फार आंबट निघाला हो. पुढच्या खेपेला बाजारातला आणत चला."